हंगामी शिक्षक

हंगामी शिक्षक : शाळेतील नियमित शिक्षक रजेवर, प्रशिक्षणास वा प्रतिनियुक्तीवर गेल्यामुळे, अथवा त्याचे पद काही काळ रिक्त राहिल्यामुळे अध्यापनात पडणारा खंड भरून काढण्यासाठी ठराविक मुदतीकरिता नेमलेला शिक्षक. ‘बदली शिक्षक’, ‘तात्पुरता शिक्षक’, ‘रजेच्या जागेवरील शिक्षक’ या संज्ञाही याच अर्थाने रूढ आहेत. ‘बदली’ हा शब्द मराठीत स्थानांतर आणि एकाच्या जागी दुसरा अशा दोन्ही अर्थांनी योजला जात असल्यामुळे शासकीय व्यवहारात ‘तात्पुरता’ हा शब्द अधिक आढळतो. अशा शिक्षकाच्या अंगी कोणती अर्हता असावी, याविषयी निरनिराळ्या देशांत निरनिराळी धोरणे आहेत. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी काही राज्यांत माध्यमिक शालान्त प्रमाणपत्रावर बदली शिक्षक होता येते, तर कॅलिफोर्नियासारख्या राज्यात त्यासाठी पदवी व मुदतीचा परवाना लागतो. तेथे बदली शिक्षकाची अर्हता नियमित शिक्षकाहून वेगळी मानलेली आहे. महाराष्ट्रातील कायद्याने मात्र असा भेद केलेला नाही. तात्पुरत्या शिक्षकाची मुदत आणि हक्क कमी असले, तरी त्याची अर्हता नियमित शिक्षकाइतकीच असली पाहिजे, हे येथील कायद्याचे सूत्र आहे. हे सूत्र कसे घडले आणि व्यवहारात ते कितपत टिकले, हे विदर्भातील यवतमाळसारख्या विस्तीर्ण व आदिवासीबहुल भाग असलेल्या जिल्ह्याच्या संदर्भात स्पष्टपणे दिसून येते.

पूर्वपीठिका : इंग्रजी अंमलापूर्वीच्या गावठी शाळांत अर्हता ही कल्पनाच नव्हती. पंतोजीचे अक्षर, हिशेबातील गती आणि गावाचा विश्वास एवढ्यावर त्याचा निर्वाह चाले. पंतोजी परगावी गेल्यास किंवा आजारी पडल्यास वरच्या इयत्तेतील वडील मुलगा धाकट्यांकडून पाढे व धुळाक्षरे घटवून घेई. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रास येथे अँड्रू बेल याने हीच रीत पाहून तिची मांडणी केली व १७९७ मध्ये ती इंग्लंडमध्ये प्रसिद्ध केली. ती पुढे ‘मद्रास पद्धती’ या नावाने ओळखली गेली. जोसेफ लँकेस्टर याच्या अशाच प्रयोगामुळे या पद्धतीचा तेथे बराच प्रसार झाला. तथापि विद्यार्थ्यानेच विद्यार्थ्यास शिकविण्यातील उणिवा ध्यानी आल्यावर इंग्लंडमध्ये १८४६ पासून उमेदवार शिक्षकांची पद्धती सुरू झाली आणि शिक्षकास प्रशिक्षण हवे, हा विचार रुजला. १८५४ च्या वुडच्या खलित्यात भारतातील प्रत्येक प्रांतात शिक्षकांसाठी प्रशिक्षणशाळा काढाव्यात व प्रशिक्षणार्थींस विद्यावेतन द्यावे, अशी सूचना करण्यात आली.

वऱ्हाडचा कारभार १८५३ च्या तहान्वये निजामाकडून ईस्ट इंडिया कंपनीकडे आला. आजच्या यवतमाळ जिल्ह्याचा बराचसा भाग त्या काळी वणी (वून) या नावाच्या जिल्ह्यात होता. १९०५ च्या पुनर्रचनेत वाशीम जिल्हा मोडून पुसद तालुका या जिल्ह्यास जोडण्यात आला व जिल्ह्यास यवतमाळ हे नाव मिळाले. वऱ्हाडातील शिक्षकांसाठी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अकोला येथे नॉर्मल स्कूल सुरू झाले. तेथील परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांस ‘नॉर्मल पास’ म्हणत. वणी, केळापूर यांसारख्या दूरच्या तालुक्यांतील होतकरू तरुणास प्रशिक्षणासाठी घरापासून लांब जाऊन राहावे लागे. प्रशिक्षित मनुष्य हाती येईपर्यंत देशी भाषेची अंतिम परीक्षा (व्हर्नाक्युलर फायनल) उत्तीर्ण झालेल्या अप्रशिक्षित तरुणावर शाळा सोपविणे, हा त्या वेळी सर्वत्र रूढ असलेला मार्ग होता. प्रशिक्षित शिक्षक आणि तो येईपर्यंतचा शिक्षक असे दोन वर्ग अशा रीतीने आरंभापासूनच निर्माण झाले.

कायम व तात्पुरता हा भेद : १८८२ च्या हंटर आयोगाने या दोन वर्गांमधील सीमारेषा प्रथम स्पष्ट केली. अध्यापनाची तत्त्वे व प्रत्यक्ष पाठ यांची एक परीक्षा असावी आणि सरकारी वा अनुदानित माध्यमिक शाळेत कायम नेमणूक मिळण्यास ती उत्तीर्ण होणे ही अट असावी, अशी शिफारस आयोगाने केली. अट कायम नेमणुकीस होती. तात्पुरत्या नेमणुकीविषयी आयोगाने काही म्हटले नव्हते, त्यामुळे अप्रशिक्षितास तात्पुरते नेमण्याची वाट खुली राहिली. याच आयोगापुढे जोतीराव फुले यांनी मुंबई इलाख्यातील प्राथमिक शाळांविषयी लेखी निवेदन सादर केले. प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावेत, ते शक्यतो शेतकरीवर्गातून यावेत, त्यांचे वेतन दरमहा १२ रुपयांहून कमी नसावे व मोठ्या गावी ते १५ ते २० रुपये असावे, असे त्यांनी सुचविले. वऱ्हाड मुंबई इलाख्यात मोडत नव्हता. तरीही अर्हता आणि वेतन ही एकाच प्रश्नाची दोन अंगे आहेत, हा फुले यांचा मुद्दा पुढील काळात सर्वच प्रांतांत पुनःपुन्हा उपस्थित झाला.

लॉर्ड कर्झनच्या कारकीर्दीतील १९०४ च्या शैक्षणिक ठरावाने प्रशिक्षण महाविद्यालयांच्या वाढीवर भर दिला. १९१३ च्या सरकारी ठरावाने याच्या पुढे जाऊन, आधुनिक शिक्षणपद्धतीत योग्यतेचे प्रमाणपत्र असल्याखेरीज कोणासही शिकवू देता कामा नये, अशी भूमिका घेतली. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताच्या कारभारास जोडला गेला होता. त्यामुळे माध्यमिक शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी येथील पदवीधरांस जबलपूरच्या प्रशिक्षण महाविद्यालयाकडे पाहावे लागे. नागपूर विद्यापीठ १९२३ मध्ये स्थापन झाले. मध्य प्रांत प्राथमिक शिक्षण कायद्याने (१९२०) सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार स्थानिक संस्थांस दिला. सक्तीचे क्षेत्र वाढू लागले की शिक्षकांची गरजही वाढते, आणि प्रशिक्षितांची संख्या तेवढ्या वेगाने वाढत नाही, हा अनुभव या काळापासून येऊ लागला.

या अडचणीवर एक वेगळा उपाय १९३८ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडात योजिला गेला. रविशंकर शुक्ल यांच्या ‘विद्या मंदिर’ योजनेनुसार गावाने शाळेस जमीन द्यावी व तिच्या उत्पन्नातून शिक्षकाचा निर्वाह व्हावा, अशी कल्पना होती. शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी त्याच वर्षी वर्धा येथे शाळा उघडण्यात आली. शिक्षकाने दीर्घ काळ गावात राहून सेवा करावी, अशी योजनेची अपेक्षा होती. १९३९ मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्यावर ही योजना मागे पडली. तथापि शिक्षकाचे गावात स्थिर असणे हीदेखील त्याच्या योग्यतेचीच एक बाजू आहे, ही तिच्यामागील जाणीव उल्लेखनीय होय.

स्वातंत्र्योत्तर काळ : १९४८ नंतर मध्य प्रदेशात, आणि म्हणून विदर्भातही, ग्रामीण प्राथमिक शाळा जनपद सभांकडे गेल्या. १९५६ मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाला. लोकशाही विकेंद्रीकरणाचा विचार करण्यासाठी १९६० मध्ये नेमलेल्या समितीचे अध्यक्ष वसंतराव नाईक हे यवतमाळ जिल्ह्यातील पुसद भागाचेच होते. या समितीच्या शिफारशींनुसार झालेला जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम (१९६१) १ मे १९६२ पासून अंमलात आला आणि प्राथमिक शिक्षण जिल्हा परिषदेच्या हाती गेले. जिल्हा परिषदेच्या सेवेतील भरतीचे नियम १९६७ मध्ये झाले. त्यांत प्राथमिक शिक्षकाची अर्हता शालान्त परीक्षा व शिक्षणपदविका (डी. एड.) या स्वरूपाची राहिली. पुढे पदविकेच्या प्रवेशासाठी बारावी ही अट आली. १९८७ मध्ये सुरू झालेल्या खडू-फळा मोहिमेने एकशिक्षकी शाळांस दुसरा शिक्षक देण्याचे उद्दिष्ट ठेवले. एकशिक्षकी शाळेत शिक्षक रजेवर गेला की शाळाच बंद पडते. म्हणून दुसरा शिक्षक ही रजेच्या काळातील अध्यापनाचीही तरतूद होती. अशा वेळी शेजारच्या शाळेतील शिक्षकास ‘कामगिरीवर’ पाठविण्याची रीत जिल्हा परिषदेच्या शाळांत रूढ आहे. तीत बदली शिक्षक पूर्ण अर्हतेचा मिळतो. त्याच्या मूळ शाळेत मात्र तेवढा काळ उणीव राहते.

१९७७ चा अधिनियम व १९८१ चे नियम : खाजगी शाळांतील तात्पुरत्या शिक्षकाची स्थिती महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ याने निश्चित केली. हा अधिनियम व त्याखालील नियम १९८१ मध्ये अंमलात आले. अधिनियमाच्या कलम ५ मध्ये कायम व तात्पुरत्या अशा दोन्ही प्रकारच्या रिक्त जागांचा विचार केलेला आहे. तात्पुरती जागाही ‘रीतसर अर्हता असलेल्या’ व्यक्तीनेच भरावी व नेमणुकीच्या आदेशात तिची मुदत नमूद करावी, असे त्यात सांगितले आहे. हंटर आयोगाने मोकळी ठेवलेली वाट अशा रीतीने जवळजवळ एका शतकानंतर कायद्याने बंद केली. नियम १० नुसार कर्मचाऱ्यांचे कायम व अस्थायी असे दोन वर्ग होतात. अस्थायी कर्मचारी परिवीक्षाधीन किंवा तात्पुरता असतो. ठराविक मुदतीसाठी तात्पुरत्या जागेवर नेमलेला तो तात्पुरता कर्मचारी होय. त्याची सेवा एक महिन्याची सूचना अथवा तेवढे वेतन देऊन, कारण न सांगता संपविता येते (नियम २८). नियमांच्या ‘ब’ अनुसूचीत अर्हता दिलेल्या आहेत : प्राथमिक शाळेसाठी शिक्षणपदविका, माध्यमिक शाळेसाठी पदवी व बी. एड., आणि कनिष्ठ महाविद्यालयासाठी किमान द्वितीय श्रेणीतील पदव्युत्तर पदवी व बी. एड.

अर्हता समान आणि हक्क असमान, या रचनेतून वाद उद्‌भवणे स्वाभाविक होते. वस्तुतः कायम असलेल्या जागेवर एकेका शैक्षणिक वर्षाचे तात्पुरते आदेश दिले गेले, अशी तक्रार शाळा न्यायाधिकरणांपुढे वारंवार आली. ठराविक मुदतीच्या तात्पुरत्या नेमणुकीस परिवीक्षेवरील नेमणूक मानता येत नाही व तीमुळे कायमपणाचा हक्क निर्माण होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील एका प्रकरणात १९९७ मध्ये म्हटले. त्यामुळे नेमणुकीच्या आदेशातील मुदतीच्या शब्दांना शिक्षकाच्या आयुष्यात मोठे महत्त्व आले.

नवी नामाभिधाने : विसाव्या शतकाच्या अखेरीस शिक्षकांच्या वेतनाचा भार हा राज्याच्या चिंतेचा विषय झाला. २००० मध्ये ‘शिक्षणसेवक’ योजना सुरू झाली. शिक्षणसेवकास नियमित शिक्षकाची पूर्ण अर्हता आवश्यक असते, मात्र पहिली तीन वर्षे त्यास वेतनश्रेणीऐवजी मानधन मिळते. २००७ च्या दुरुस्तीने या पदास अधिनियमात स्थान मिळाले. प्राथमिक, माध्यमिक व उच्च माध्यमिक स्तरांवर अनुक्रमे ६,०००, ८,००० व ९,००० रुपये असलेले हे मानधन १ जानेवारी २०२३ पासून अनुक्रमे १६,०००, १८,००० व २०,००० रुपये करण्यात आले. शिक्षणसेवक हा बदली शिक्षक नव्हे, त्याची नेमणूक कायम पदावर होते. तथापि पूर्ण अर्हता असूनही काही काळ अपुरे वेतन घेणे, हा तात्पुरत्या शिक्षकाचा अनुभव या योजनेमुळे नियमित सेवेच्या उंबरठ्यावर येऊन बसला.

याच सुमारास वाड्या, तांडे व पोड येथील मुलांसाठी वस्तीशाळा निघाल्या. तेथे स्थानिक तरुणांस ‘स्वयंसेवक’ म्हणून अल्प मानधनावर घेण्यात आले. नेमणुकीच्या वेळी त्यांपैकी अनेकांकडे अध्यापनाची पदविका नव्हती. त्यांना पुढे निमशिक्षक म्हणण्यात आले, पत्रद्वारा प्रशिक्षण देण्यात आले आणि २०१४ मध्ये त्यांना नियमित सेवेत सामावून घेण्याचा निर्णय झाला. ज्या वस्तीत अर्हताप्राप्त शिक्षक जाण्यास तयार नसे तेथे हेच तरुण मुलांना शिकवीत होते, ही त्यांची जमेची बाजू. मात्र अर्हतेची सवलत प्रत्येक वेळी दूरच्या आणि गरीब वस्तीच्याच वाट्यास आली, ही वस्तुस्थितीही नजरेआड करता येत नाही.

शिक्षणहक्क कायदा व सांप्रतची अर्हता : बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २३ अन्वये राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २३ ऑगस्ट २०१० रोजी किमान अर्हता जाहीर केल्या. इयत्ता १ ते ५ साठी सामान्यतः बारावीत ५० टक्के गुण व प्राथमिक शिक्षणाची दोन वर्षांची पदविका, तर इयत्ता ६ ते ८ साठी पदवी आणि तीच पदविका किंवा बी. एड. आवश्यक आहे. गुणांच्या टक्केवारीत राखीव प्रवर्गांस सवलत मिळते. दोन्ही स्तरांवर शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण होणे अनिवार्य आहे. ही परीक्षा १५० गुणांची असून तीत सर्वसाधारण प्रवर्गास ६० टक्के गुण लागतात. महाराष्ट्रात ती प्रथम डिसेंबर २०१३ मध्ये घेण्यात आली. तिच्या प्रमाणपत्राची सात वर्षांची मुदत २०२१ मध्ये रद्द होऊन ते कायमस्वरूपी ग्राह्य ठरले. कलम २३ मध्ये ‘शिक्षक म्हणून नेमणूक’ असा सरसकट शब्दप्रयोग आहे, कायम व तात्पुरता असा भेद त्यात नाही. नियमित भरतीसाठी याशिवाय २०१७ पासून अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी घेण्यात येते व निवड ‘पवित्र’ या संगणकीय प्रणालीद्वारे होते.

न्यायालयांनीही अर्हतेची अट अधिक दृढ केली आहे. इयत्ता १ ते ५ साठी बी. एड. धारकांस पात्र ठरविणारी २०१८ ची अधिसूचना अग्राह्य आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी दिला. लहान मुलांना शिकविण्याचे शास्त्र वेगळे आहे व ते पदविकेतच शिकविले जाते, हे त्यामागील मुख्य कारण होते. १ सप्टेंबर २०२५ च्या निर्णयाने, निवृत्तीस पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या सेवेतील शिक्षकांसही दोन वर्षांत पात्रता परीक्षा उत्तीर्ण होणे आवश्यक ठरविले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार (२०२०) चार वर्षांची एकात्मिक बी. एड. ही पदवी २०३० पर्यंत किमान अर्हता व्हावयाची आहे.

एकीकडे अर्हता कडक होत असताना दुसरीकडे रिक्त पदे वाढत गेली. २ मे २०१२ पासून राज्यात शिक्षकभरतीवर निर्बंध आले. शिक्षणहक्क अधिनियमाच्या कलम २६ नुसार शासकीय व स्थानिक संस्थांच्या शाळांत मंजूर पदांच्या १० टक्क्यांहून अधिक पदे रिक्त असू नयेत. तथापि पदे वेळेवर भरली न गेल्याने तासिका तत्त्वावरील शिक्षक, निवृत्त शिक्षक व प्रशिक्षणार्थी युवक असे नवे पर्याय पुढे आले. जुलै २०२३ मध्ये जिल्हा परिषदेच्या शाळांत नियमित शिक्षक मिळेपर्यंत ७० वर्षे वयापर्यंतच्या निवृत्त शिक्षकांस दरमहा २०,००० रुपये मानधनावर नेमण्याचा निर्णय झाला. निवृत्त शिक्षकाकडे अनुभव व अर्हता दोन्ही असतात. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतील युवकही काही शाळांत रुजू झाले. त्या योजनेत बारावी उत्तीर्णासही प्रवेश होता, कारण ती शिक्षकभरतीची योजना नव्हती. असा युवक वर्गावर उभा राहिला, तर मुलांच्या दृष्टीने तो शिक्षकच असतो, कायद्याच्या दृष्टीने मात्र तो शिक्षक नसतो.

यवतमाळ जिल्ह्यातील प्रश्न : जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार २७,७२,३४८ असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे १८.५ टक्के आहे. मराठीबरोबरच येथे गोरमाटी (बंजारा), गोंडी, कोलामी व तेलुगू या भाषा बोलल्या जातात. कोलाम हा महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक असून केळापूर, मारेगाव, झरी-जामणी, घाटंजी, राळेगाव या तालुक्यांत त्याची वस्ती पोडांतून विखुरलेली आहे. कोलामी ही द्राविडी कुळातील भाषा आहे. त्यामुळे पोडावरील मुलास पहिलीत शाळेची भाषा परकी असते. शिक्षणाचे माध्यम शक्य तेथवर मुलाची मातृभाषा असावे, असे शिक्षणहक्क अधिनियम सांगतो. परंतु शिक्षकाच्या किमान अर्हतेत मुलांची बोली येणे ही अट नाही. नियमित शिक्षक दोन-तीन वर्षांत मुलांची बोली काही प्रमाणात आत्मसात करतो. काही महिन्यांसाठी आलेल्या शिक्षकास, त्याची पदविका कितीही उत्तम असली, तरी तेवढा अवकाश मिळत नाही.

आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळांचे या जिल्ह्यातील व्यवस्थापन पांढरकवडा व पुसद येथील प्रकल्प कार्यालयांकडे आहे. राज्यातील अशा आश्रमशाळांत रोजंदारी व तासिका तत्त्वावरील शिक्षक वर्षानुवर्षे काम करीत आले. २०२५ मध्ये ही पदे बाह्यस्रोताद्वारे भरण्याच्या निर्णयाविरुद्ध या कर्मचाऱ्यांनी नाशिक येथे प्रदीर्घ आंदोलन केले. निवासी शाळेत शिक्षक हा मुलांचा पालकही असतो. तेथे दर वर्षी शिक्षक बदलणे हे दर वर्षी पालक बदलण्यासारखे आहे.

मूल्यमापन : अर्हतेचा दीडशे वर्षांचा इतिहास पाहता एक गोष्ट निश्चित होते. १८८२ मध्ये केवळ कायम शिक्षकास लावलेली अट १९८१ मध्ये तात्पुरत्या शिक्षकास आणि २०१० नंतर प्रत्येक शिक्षकास लागू झाली. ही प्रगती निःसंशय आहे. मात्र प्रत्येक टप्प्यावर, अट पुरी करू शकणारा शिक्षक न मिळाल्यास वा त्याचे वेतन परवडेनासे झाल्यास, शिक्षक या नावाऐवजी उमेदवार, स्वयंसेवक, निमशिक्षक, प्रशिक्षणार्थी असे दुसरे नाव देऊन काम भागविण्यात आले. नाव बदलले की अट लागू होत नाही. वर्गातील काम तेच राहते. रजेची व रिक्त पदांची गरज आगाऊ ओळखून पूर्ण अर्हतेचे शिक्षक तालुकावार राखून ठेवणे, त्यांना मुदतीच्या प्रमाणात योग्य वेतन देणे व बहुभाषक भागात स्थानिक बोलीच्या ज्ञानास महत्त्व देणे, हे यावरील उपाय होत. चौथीच्या मुलाचे वर्ष शिक्षकाच्या रजेसाठी थांबत नाही. त्या वर्षी त्याच्यापुढे कोण उभे होते, याची नोंद सेवापुस्तकात ‘तात्पुरती’ म्हणून होत असली, तरी मुलाच्या शिक्षणावर होणारा तिचा परिणाम तात्पुरता नसतो.